नवव्या दिवसाची नोंद

गुरुवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. शाळा भरायला अजून चाळीस मिनिटं आहेत. बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या या मराठी शाळेच्या शिक्षक-खोलीत एकच दिवा लागलेला आहे आणि त्याखाली नंदकुमार बोरोले एका मुलीच्या वहीची नक्कल करत बसले आहेत.

वही आठवीतल्या भूमिका महाजनची. पुठ्ठा सुटलेला, कोपरे दुमडलेले. बोरोले पान उचलून दिव्याकडे तिरकं धरतात. लाल शाईने खोडलेल्या ओळीखालची निळी अक्षरं थोडी दिसू लागतात. ती वाचून ते समोरच्या कागदावर काळ्या शाईने उतरवतात. जिथे मुलीने ऱ्हस्वाचं दीर्घ केलं आहे तिथे तेही तसंच लिहितात. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मुलाचं लिखाण न सुधारता उतरवून काढण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. वेळ लागतो आहे, कारण खोडणारे तेच होते आणि ते खोडायचे तेव्हा घट्ट खोडायचे.

ही नक्कल उद्यासाठी आहे. उद्या जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत साठ शिक्षकांसमोर त्यांना आपला उपक्रम मांडायचा आहे. भाषा आणि विज्ञान एकत्र शिकवण्याचा जिल्ह्यातला सर्वांत चांगला प्रयोग म्हणून तो निवडला गेला. निवड ज्या वहीवरून झाली ती वही वेगळी आहे. तिच्यावर खाकी कव्हर आहे, रंगीत चौकटी आहेत आणि तिच्यातली केळी शेवटच्या पानापर्यंत हिरवी आहेत.

बोरोले मराठी शिकवतात. वय त्रेपन्न. शाळेतला प्रत्येक सूचनाफलक त्यांच्या अक्षरात असतो. निरोप समारंभाची मानपत्रं तेच लिहितात, शेजारच्या दोन शाळांचीही. ते नोकरीला लागले तेव्हा आठवीच्या मराठीच्या वर्गात बावन्न मुलं होती, आज चौदा आहेत. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि वहीत दोन्हींची खिचडी अशी मुलं त्यांच्याकडे येतात. वरिष्ठ कार्यालयातले बहुतेक अधिकारी हिंदी बोलणारे. त्यांच्यातल्या एकाने बारा-तेरा वर्षांपूर्वी तपासणीला आल्यावर एक वही उघडून हसत विचारलं होतं, ‘मास्टरजी, ये कौन सी भाषा है?’ तेव्हापासून बाहेर जाणारी प्रत्येक वही बोरोले स्वतः तपासतात. बुऱ्हाणपूरच्या मराठीला कोणी हसू नये एवढीच त्यांची इच्छा होती. ते हे सांगतात तेव्हा कारण म्हणून सांगतात, सबब म्हणून नाही. पण सांगताना नजर टेबलावर असते.

त्यांच्या नावावर एकोणीस प्रशिक्षणं आहेत. प्रमाणपत्रं एका निळ्या फाइलमध्ये तारखेनुसार लावलेली. प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेतात. त्यावर त्यांनी एकोणीस वेळा ‘अत्यंत उपयुक्त’ असं लिहिलं आहे. काय उपयोग झाला असं विचारलं तर त्यांना तीन प्रशिक्षणांतलं काही आठवतं. एकातलं जेवण, एकातला बंद पडलेला प्रोजेक्टर आणि गेल्या जुलैमधलं, जिथून हे सगळं सुरू झालं.

जुलैचं प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं. विषय, दोन विषयांचे धडे एकत्र बांधणे. दुसऱ्या विषयाचा शिक्षक बरोबर घेऊन महिनाभराचा एक उपक्रम करायचा, असं ठरलं. बोरोल्यांबरोबर शाळेतून विज्ञानाच्या हिमानी गेल्या होत्या. वय अठ्ठावीस, मूळ खंडव्याच्या, मराठी या शाळेत आल्यावर शिकलेल्या. कल्पना हिमानींची. शाळेतली पाच मुलं तापीपलीकडच्या जैनाबादहून येतात आणि पाचही घरांची केळीची शेती आहे. प्रत्येकाने आपल्या शेतातली एक ओळ धरायची, चाळीस झाडं, आणि ५ ऑगस्टपासून तीस दिवस रोज पाहून लिहायचं.

काम वाटताना हिमानी म्हणाल्या, “सर, टेबल मैं देख लूँगी, डायरी तुम्ही बघा.”

“ठरलं,” बोरोले म्हणाले.

हिमानींचं ते वाक्य दोघांनाही आता तोंडपाठ आहे. टेबलात तीन रकाने होते: तारीख, उंची, पानांची संख्या. ते हिमानी तपासत. डायरीतलं रोजचं पाऊण पान बोरोले तपासत. पाहणी एका शेताची आणि तपासणी दोन खोल्यांत, असा तो महिना गेला. उपक्रमाच्या अहवालात या पद्धतीला ‘आंतरविद्याशाखीय समन्वय’ म्हटलं आहे. ते शब्द बोरोल्यांचे.

तपासण्याची त्यांची पद्धत जुनी आणि ठरलेली. चुकलेल्या शब्दाखाली एक रेघ. नको असलेल्या ओळीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि समासात शेरा. मूल ती कच्ची वही घरी नेतं, शेऱ्याप्रमाणे बदल करतं आणि पक्क्या वहीत लिहून आणतं. मुलाला सुचलं नाही तर सर दोन वाक्यं सांगतात.

भूमिकेच्या कच्च्या वहीत नवव्या दिवशी हे होतं:

‘आज ९ वा दिवस. पाऊस नाही. ओळ ४. झाड ७, ८ आणि १२ यांच्या नवीन पानावर पिवळ्या रेघा आहे. रेघा शिरांच्या मधून जातात. पान काठाकडून आत मुडलं आहे. काल नव्हतं. बाजूला काकडीचा वेल आहे त्याच्यावर पण ठिपके आहे.’

समासात लाल अक्षरात: ‘रुक्ष. वर्णन वाढवा.’ पिवळ्या रेघांपासून ठिपक्यांपर्यंत जाळी.

पक्क्या वहीत नववा दिवस असा आहे: ‘नववा दिवस उजाडला. केळीच्या हिरव्यागार पानांवर दवबिंदूंचे मोती चमकत होते. वाऱ्याच्या झुळकेसरशी पाने आनंदाने डोलत होती.’ दोन्ही वाक्यं सरांनी सांगितलेली. निवड समितीसाठी जो हिंदी अनुवाद झाला त्यात हे पान पहिलं होतं.

अकराव्या दिवशी भूमिकेने पुन्हा पिवळं लिहिलं. पुन्हा जाळी. तेराव्या दिवशी अकरा झाडं लिहिली, जाळी. काकडीचा वेल तिने दोनदा आणला, दोन्ही वेळा तो गेला. विषय केळीचा असताना काकडी कशाला, हे कारण बोरोल्यांना अजून आठवतं. सतराव्या दिवसापासून कच्च्या वहीतल्या नोंदी छोट्या होत गेल्या आणि बोरोल्यांच्या रेघाही कमी झाल्या. मुलगी सुधारली, असं त्यांनी तेव्हा शिक्षक-खोलीत सांगितलं होतं.

गेल्या रविवारी ते आणि हिमानी जैनाबादला गेले. सादरीकरणासाठी शेताचा फोटो हवा होता. बोरोल्यांची मोटारसायकल पुढे, हिमानींची स्कूटी मागे. पूल ओलांडून अर्ध्या तासात पोहोचले.

भूमिकेचे वडील भाईदास महाजन बांधावरच भेटले. जरा लंगडत होते. जुलैच्या अखेरीस ट्रॉलीवरून पडून त्यांचा पाय मोडला होता आणि सहा आठवडे ते खाटेवर होते.

“या सर, या मॅडम. फोटो काढायचा असंल तर तिकडला काढा. इकडं आता हरभरा हाये.”

जिथे ओळ क्रमांक चार होती तिथे बोटभर हरभरा उगवला होता. पलीकडे, अर्ध्या शेतात, केळी उभी होती.

“इथली केळी?” हिमानींनी विचारलं.

“हरण्या आला ना.” पानांवर पिवळे पट्टे पाडणाऱ्या विषाणूला तापीच्या दोन्ही काठांवर हेच नाव आहे. “चौदाशेतली सहाशे झाडं उपटली. पुरून टाकली. बाकी वाचली म्हणा.”

“कधी लक्षात आलं?”

“माझ्या? गणपती उठल्यावर, कुबड्या घेऊन आलो तवा. पोरीच्या आधीच आलं होतं.”

“मग तिने सांगितलं नाही?”

“सांगितलं ना मॅडम. पप्पा, पानं पिवळी होताहेत म्हणे. मी खाटंवर. मजूर म्हणत होते पाणी जास्त झालं. मी म्हटलं, सरांना दाखव, ते शिकेल लोक आहेत. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय म्हटले सर? तर म्हणे, सरांनी काट मारली.” भाईदास हसले. “मंग मी म्हटलं, चला, टेन्शन नाही. काट मारली म्हणजे चुकीचं असंल.”

बोरोले सांगतात की त्या क्षणी त्यांना नक्की काय झालं हेच कळलं नव्हतं. हिमानींना आधी कळलं. हिमानींनी भूमिकेला कच्ची वही आणायला सांगितली. ती घरातून आणेपर्यंत चहा आला. चहाबरोबर भाईदासांची आई, रंभाबाई, येऊन बसल्या. पक्की वही त्यांनी घरी येणाऱ्या पाहुण्यांसमोर नातीकडून वाचून घेतलेली होती, एकदा नाही, चार-पाचदा.

“मास्तर, एक इचारू?”

“विचारा ना आजी.”

“ते मोती कुठं पडले व्हते? आम्ही समदं वावर पायलं. आम्हाले त एक बी नाही सापडला.”

“आई, गप बस,” भाईदास म्हणाले.

“काहून गप? इचारलं फक्त.”

हिमानींनी नववं पान शोधून मोठ्याने वाचलं. मग पुन्हा एकदा, हळू. “सर, ये तो पूरा सिम्प्टम है. शिरांच्या मधून रेघा, काठ मुडलेला, बाजूला काकडी, जिच्यावरून हा रोग येतो. मी बी.एस्सी.ला एवढं नीट लिहिलं नव्हतं.” मग त्यांनी समास पाहिला. “आणि तुम्ही लिहिलंय, रुक्ष.”

तीन झाडं त्या दिवशी उपटली असती तर बाकीची सगळी वाचली असती असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हिमानीही सांगत नाहीत. लवकर उपटली तर रोग पसरायला आळा बसतो, एवढं त्या सांगतात. बोरोले ‘कदाचित’ हा शब्द वापरत नाहीत. हा शब्द आपल्या सोयीचा आहे, असं त्यांचं म्हणणं.

परतताना पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. हिमानीही थांबल्या.

“सर, टेबल मी बनवलं होतं. त्यात रंगाचा कॉलमच नव्हता. आणि मी तुमची वही एकदाही उघडली नाही.”

“तुम्ही पाहिलं नाही,” बोरोले म्हणाले. “मी पाहिलं.”

सोमवारी त्यांनी आठवीच्या निबंधाच्या वह्या काढल्या. विषय होता ‘आमच्या शाळेचे मैदान’. भूमिकेच्या निबंधात मैदानावर दवबिंदूंचे मोती होते आणि झाडं आनंदाने डोलत होती. शाळेच्या मैदानात एक झाड आहे, बाभळीचं, आणि ते कंपाउंडच्या बाहेर आहे. निबंधाला दहापैकी आठ गुण होते. सरांचेच, पंधरा दिवसांपूर्वीचे.

त्यांनी तिला बोलावलं. “भूमिका, मैदानात दव कुठून आलं?”

“सर, नाही आलं.”

“मग लिहिलं का?”

“तुम्हाला आवडते म्हणून.” ती चिडलेली नव्हती. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं.

सहाशे झाडांपेक्षा हे जास्त लागलं, असं म्हणणं बोरोल्यांना पटत नाही. झाडं आपली नव्हती, ती तोलायचा हक्क आपल्याला नाही, असं ते म्हणतात. पण त्या रात्री जेवताना पत्नी वैशालींनी दोनदा विचारलं, भाजी खारट झाली का, तेव्हा त्यांना भाजी कशाची होती हे सांगता आलं नाही.

मंगळवारी ते माफी मागायला एकटे जैनाबादला जाऊन आले. भाईदासांनी माफी घेतली नाही. “मला काय सर, मी पुढच्या मृगात पुन्हा लावीन. माझीबी अक्कल गेली होती, पोरीच्या डोळ्यावर विश्वास नाही ठेवला. तुम्ही भूमीलाच सांगा काय सांगायचं ते.”

मुख्याध्यापक मधुकर सरांना त्यांनी बुधवारी सकाळी सगळं सांगितलं आणि शुक्रवारी साठ शिक्षकांसमोर पक्की वही नव्हे, कच्ची वही मांडणार असंही सांगितलं. मुख्याध्यापक पेपरवेट फिरवू लागले.

“बोरोले, माफी मागितली ना तुम्ही?”

“हो.”

“मग झालं की. तिथे जाऊन आपली अब्रू उतरवून घ्यायची काय गरज? शाळेचं नाव निघालंय, अहवाल भोपाळला गेलाय. दोन वर्षांत तुम्ही रिटायरमेंटचा हिशेब लावायला लागाल. आता कुठे हरिश्चंद्र होता?”

“सर, त्या अहवालावरून बाकीचे साठ जण असंच करतील.”

“करतील तर करतील. त्यांच्याकडे केळी नसतील.”

“काहीतरी असेल.”

मुख्याध्यापकांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. पेपरवेट जागेवर ठेवला. बोरोल्यांनी ते परवानगी समजून घेतलं.

खरी परवानगी मधल्या सुट्टीत, ग्रंथालयाच्या दारात मागितली गेली. भूमिका डबा खाऊन हात धुऊन आली होती. ओले हात ओढणीला पुसत उभी राहिली. हिमानी बाजूला होत्या, म्हणून हे बोलणं जसं झालं तसं सांगता येतं.

“भूमिका, तुझं बरोबर होतं. तू पाहिलं ते खरं होतं. मी खोडलं ते माझं चुकलं.”

तिने ओढणीचं टोक सोडलं.

“परवा मला तुझी कच्ची वही प्रशिक्षणात वाचून दाखवायची आहे. वाचू?”

“सगळी?”

“सगळी.”

“काकडीचं पण? ते तुम्ही दोनदा काटलं होतं.”

“काकडीचं पण.”

“माझ्या मिस्टेका?”

“त्या राहतील. मी नीट अक्षरात उतरवून घेतो, म्हणजे मागच्यांना पडद्यावर दिसेल.”

भूमिकेने हिमानींकडे पाहिलं, मग सरांकडे. “मग सर, त्यांना कसं समजेल?”

“काय?”

“तुम्ही काय केलं ते. तुमच्या अक्षरात तर ते चांगलंच दिसेल. माझीवाली पण दाखवा. लालवाली.”

बोरोले सांगतात की नक्कल करायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात हे नव्हतं, म्हणजे नव्हतं असं त्यांना वाटत होतं. मुलीने म्हटल्यावर कळलं की तीही एक पक्की वहीच झाली असती. ते तिला ‘दाखवतो’ म्हणाले. ती वर्गात गेली. जाताना मैत्रिणीला म्हणाली, “चल, पी.टी. आहे.”

त्यामुळे आज सकाळी टेबलावर दोन्ही आहेत, वही आणि काळ्या शाईतले कागद. वहीच्या पानांचे फोटो हिमानींनी कालच मोबाइलवर काढले, ते पडद्यावर येतील. डावीकडे लाल जाळी, उजवीकडे तिच्याखालचा मजकूर. बोरोल्यांनी मोजलं आहे. तीस पानांत त्यांच्या दोनशे बारा खुणा आहेत. त्यांतल्या एकशे नव्वद शुद्धलेखनाच्या, आणि त्यांबद्दल त्यांना आजही काही म्हणायचं नाही. उरलेल्या बावीस जाळ्या. बावीसपैकी चौदा पिवळ्या रंगावर आहेत.

सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ते शेवटच्या पानावर पोहोचतात. हे पान दिव्याकडे धरावं लागत नाही. त्यावर एकही काट नाही.

‘आज ३० वा दिवस. ओळ ४. चाळीस पैकी ३१ झाडं पिवळी. उंची टेबलात लिहिली. पक्क्या वहीत मी हिरवी लिहीन.’

खाली बरोबरची लाल खूण, सही आणि तारीख. सही बोरोल्यांची आहे. शेवटच्या आठवड्यात ते कच्ची वही वाचत नव्हते, फक्त खूण करत होते. हे त्यांना रविवारपर्यंत आठवत नव्हतं, आणि उद्या सांगायच्या गोष्टींत सर्वांत आधी हेच आहे.

हिमानी सात वाजता येतात, पर्स खुंटीला लावतात आणि कागद हातात घेतात. काल त्यांनी घड्याळ लावून वाचून पाहिलं होतं. तीस नोंदी सलग वाचायला सतरा मिनिटं लागतात. छापील कार्यक्रमपत्रिकेत बोरोल्यांना पंधरा मिनिटं आहेत.

“सर, दो मिनट कम हैं. काय कापायचं?”

“नोंदी नाही.”

“फिर? तुमची सही तर आधी सांगायची आहे. तिलाही एक मिनिट लागेल. भाषणात किती मिनिटं आहेत?”

“चार.” भाषणाचा मथळा ‘व्यावसायिक विकास: माझी सत्तावीस वर्षं’ असा होता. दोन पानं, सुंदर अक्षरात. बोरोले ती फाइलमधून काढून तिच्या तळाशी ठेवतात. “ते नाही वाचायचं.”

“तरी तीन मिनिटं वर होतात.”

“घंटी वाजवतील तर वाजवू दे. विसाव्या दिवसाच्या पुढे तर पोहोचतो.”

“और अगर किसी ने बोला, सर, ये तो रुक्ष है?”

बोरोले पहिल्यांदा हसतात, आवाज न करता. मग पेनाला टोपण लावतात. सात वाजून वीस मिनिटांनी प्रार्थनेची घंटा होते.

उद्या शुक्रवार. आठवीचा पहिला तास मराठीचा आहे. बोरोले साडेआठच्या गाडीने प्रशिक्षणाला जाणार असल्याने तो हिमानी घेतील. शिक्षक-खोलीतल्या बदली तासांच्या वहीत तशी नोंद झाली आहे. तिच्याखाली त्यांच्याच अक्षरात आणखी एक ओळ आहे: ‘कु. भूमिका महाजन हिची कच्ची वही तिच्या परवानगीने नेली आहे. शनिवारी पहिल्या तासाला तिच्या हातात परत.’